जुन्या चित्रपटाची नवी तबकडी

जत्रेत तंबूचा सिनेमा आला म्हणजे आज रात्री कोणता खेळ लागणार, यावर पोरांच्या पैजा लागत. कुणी मोटारीतून उतरणारे रिळांचे पत्र्याचे डबे पाहिलेले असत, कुणी खळ लावून चिकटवण्यापूर्वी पोस्टराचा एक कोपरा. तेवढ्यावर तर्क चाले, आणि पुष्कळदा तो खराही ठरे.

इंग्लंड-अमेरिकेतले काही चित्रपटवेडे लोक आजही असेच तर्क करतात. त्यांचा प्रश्न मात्र निराळा. आपला आवडता जुना चित्रपट घरी पाहण्याच्या तबकडीवर केव्हा निघणार, आणि निघाला तर कोणत्या रूपात? हे चित्रपट सगळ्यांच्या आवडीचे नव्हेत. इंग्रजीत त्यांना 'कल्ट' म्हणतात. तिकीटखिडकीवर बहुधा पडलेला, पण थोड्या लोकांनी देव्हाऱ्यात बसवलेला चित्रपट, असे समजा.

हे लोक खुणा शोधतात. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार अशा चित्रफितींना आणि तबकड्यांना प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. तीत एखादे विसरलेले नाव नव्याने उमटले की ओळखावे, कुणीतरी तयारीला लागले आहे. इटलीत बोलोन्या शहरी दर उन्हाळ्यात दुरुस्त केलेले जुने चित्रपट दाखवतात. तिथली यादीही बारकाईने वाचली जाते. अमेरिकेतली क्रायटेरियन कंपनी तर नव्या वर्षाच्या प्रारंभी गमतीचे चित्र काढून त्यात आगामी तबकड्यांची कोडी घालत आली आहे. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणाल? मलाही प्रथम तसेच वाटले होते.

पण 'ब्लेड रनर'ची हकीकत ऐका. फिलिप डिक यांच्या कादंबरीवरून रिडली स्कॉट यांनी काढलेला हा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये लागला, आणि पडला. त्यात घडवलेली कृत्रिम माणसे, काळोखे शहर आणि धो धो पाऊस. चाचणीच्या खेळांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून नायकाच्या तोंडी निवेदन घातले आणि शेवट गोड केला. त्या शेवटातली डोंगरांची दृश्ये तर कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी घेतलेल्या चित्रणातली उरलीसुरली, उसनी आणलेली!

थिएटरात न चाललेला हा चित्रपट घरच्या चित्रफितींनी तारला. लोक तो थांबवून, मागे नेऊन पाहू लागले, तशा चुकाही दिसू लागल्या. काचा फोडत पळणाऱ्या नटीच्या जागी टोप घातलेली दुसरीच बाई धावते आहे, हे थिएटरात कुणाच्या ध्यानात येणार?

१९९० साली लॉस एंजलिसच्या फेअरफॅक्स थिएटराने या चित्रपटाची प्रत मागवली. पडद्यावर आले ते भलतेच. निवेदन जवळजवळ नाही, गोड शेवट नाही. कच्च्या जुळणीची प्रत चुकून आली होती! आपण पाहिला तो दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट नव्हेच, हे रसिकांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. १९९२ साली 'दिग्दर्शकाची आवृत्ती' निघाली, पण घाईने. खुद्द स्कॉट तिच्यावर पुरते खूश नव्हते. मग पंधरा वर्षे नुसते तर्क. आता येणार म्हणून बातमी उठे आणि विझे.

अडले कुठे? रिळे होती, गिऱ्हाईकही होते. अडले ते कागदात. चित्रीकरणाचा खर्च ठरल्या रकमेबाहेर गेला, तेव्हा करारानुसार चित्रपटाचा ताबा जेरी पेरेंचिओ आणि बड यॉर्किन या हमीदारांकडे गेला होता. सातबाऱ्यावर एक नाव जास्तीचे असले की काय होते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्यांचा आणि वॉर्नर ब्रदर्सचा मेळ २००६ साली बसला, आणि डिसेंबर २००७ मध्ये पाच तबकड्यांची पेटी निघाली. तीत चित्रपटाची पाचही रूपे होती. टोपवाल्या बाईच्या जागी मूळ नटी जोआना कॅसिडी यांचा चेहरा नव्याने चित्रित करून बसवला होता. एके ठिकाणी ओठ संवादाशी जुळत नव्हते, तिथे नायक हॅरिसन फोर्ड यांच्या मुलाचे ओठ वापरले. बापाचे राहिलेले काम मुलाने पंचवीस वर्षांनी पुरे केले म्हणायचे!

आता आपल्याकडे पाहा. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली. तिथे पी. के. नायर यांनी वर्षानुवर्षे डबे गोळा केले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे तिथे आहेत. 'आलम आरा'ची प्रत मात्र आजवर हाती आलेली नाही. त्याची तबकडी केव्हा निघेल, यावर पैज तरी कशी लावणार?

तेव्हा तुमच्या गावात एखाद्या जुन्या तंबूवाल्याच्या माळ्यावर गंजका डबा असेल, तर तो भंगारात जाण्यापूर्वी संग्रहालयाला कळवा. मात्र जवळ दिवा, विडी, काडी नेऊ नका. १९५० च्या सुमारापर्यंतची पुष्कळशी फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी असते. नंतरच्या जातीची फिल्म तशी पेटत नाही, पण तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर ती कुजायला लागली आहे. अशा वेळी कळवायला उशीर करू नका.