जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? घाई न करता क्रमाने तपासा

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी लागते. पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला की हाती थोडेच दिवस असतात. वरच्या थरातील ओल उडाली तर उगवण विरळ होते. खरिपाच्या पेरणीनंतर दोन-अडीच महिने उभा असलेला ट्रॅक्टर अनेकदा नेमका याच वेळी सुरू होण्यास नकार देतो. ट्रॅक्टर जुना विकत घेतलेला असेल, तर आधीच्या मालकाने कोणते भाग बदलले व कोणत्या वायरी परस्पर जोडल्या याचीही माहिती नसते. मग घाईने डिझेल पंप किंवा नोझल खोलले जातात. पुष्कळदा मूळ दोष मात्र सैल टर्मिनल, डिझेलमधील पाणी किंवा बंद राहिलेला कॉक इतकाच असतो.

म्हणून शेतकरी बंधूंनी एक नियम पाळावा. बिनखर्चाची तपासणी आधी व खर्चाची शेवटी करावी. डिझेल इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : सेल्फने ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, सिलिंडरमध्ये डिझेल पोचले पाहिजे आणि तेथे स्वच्छ हवा चांगली दाबली गेली पाहिजे. यांपैकी काय कमी पडते, हे सेल्फचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर सांगतात.

तपासणीपूर्वी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून ब्रेक लावावा व चाकांना पुढे-मागे दगड लावावेत. गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ बंद असल्याची खात्री करावी. टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का आणि इंजिन बंद करण्याचा स्टॉपर पूर्ण आत गेला आहे का, हे पाहावे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये स्टॉपरची तार गंजून अडकते. मूठ आत गेली तरी पंपावरील दांडी बंद स्थितीतच राहते. अशा वेळी इंजिन कितीही फिरवले तरी पेट घेत नाही. म्हणून ती दांडी प्रत्यक्ष हलते का, ते पाहावे.

सेल्फचा आवाज ऐका

हेडलाइट लावून सेल्फ मारावा व दिव्याकडे लक्ष ठेवावे.

१) दिवा अगदी मंद झाला किंवा विझला आणि नुसता ‘टक’ आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे.

२) दिवा प्रखर राहिला व काहीच आवाज आला नाही, तर दोष किल्लीचा स्विच, न्यूट्रल अथवा क्लचचा सेफ्टी स्विच, त्यांची वायर किंवा सेल्फ यांत आहे. गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही पाहावे.

३) इंजिन जोमाने फिरते पण सुरू होत नाही, तर बॅटरीच्या मागे न लागता डिझेल व हवेकडे वळावे.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये व मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. सलग मारल्यास सेल्फ तापून जळतो.

बॅटरी व जोडण्या

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असल्यास चेसिसला जोडलेली अर्थची वायर आधी सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून थर धुवावा. पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे व वरून पेट्रोलियम जेली लावावी. अर्थच्या वायरीचे चेसिसकडील टोकही खरवडून स्वच्छ करावे. ते बहुधा विसरले जाते.

सेलमधील पाणी प्लेटांच्या वर १० ते १५ मि.मी. असावे. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे. विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे प्लेटा खराब होतात. विश्रांतीत असलेली १२ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४ च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून स्फोटक वायू निघतो, म्हणून जवळ बिडी, काडी किंवा कंदील आणू नये.

सायलेन्सरकडे पाहा

सेल्फ मारताना दुसऱ्या व्यक्तीने धुराकडे लक्ष ठेवावे.

अजिबात धूर नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही.

पांढरा धूर : डिझेल पोचते पण जळत नाही. इंजिन थंड आहे, मंद फिरते आहे, नोझल खराब आहे किंवा दाब कमी आहे.

काळा धूर : हवा कमी पडते. एअर क्लीनर तपासावा.

डिझेलचा मार्ग

तपासणी टाकीपासून सुरू करावी. झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याने बुजले तर टाकीतून डिझेल उतरत नाही. झाकण सैल करून पाहिल्यास हा दोष लगेच कळतो. त्यानंतर गाळ साठणारी काचेची वाटी पाहावी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी वेगळे दिसते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते, म्हणून पावसाळ्यानंतर हा दोष जास्त आढळतो. वाटी व फिल्टरच्या तळाचे बूच उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढून टाकावे.

टाकी रिकामी झाली असेल किंवा फिल्टर बदलला असेल तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरते. टाकी ते फीड पंप या नळीत पंप डिझेल ओढून घेतो. तेथील सैल जोडातून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर टपकेलच असे नाही. बाहेर ओल नाही म्हणून जोड चांगला आहे, असे समजू नये.

हवा काढण्याची पद्धत

१) टाकीत पुरेसे डिझेल भरून कॉक उघडावा.

२) पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करून फीड पंपाची हाताची दांडी चालवावी. दांडी ढिली लागल्यास इंजिन थोडे फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

३) बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळावा. हीच कृती दुसरा फिल्टर व नंतर डिझेल पंपावरील स्क्रू या क्रमाने करावी.

४) तरीही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा. डिझेल आल्यावर नट आवळावेत.

या नळ्यांत दाब फार मोठा असतो. बारीक फवारा कातडी भेदून आत जातो व जखम लहान दिसली तरी ती गंभीर असते. म्हणून हात जवळ नेऊ नये. तसे घडल्यास ताबडतोब रुग्णालयात जावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. तेव्हापासून त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धत आली आहे. अशा ट्रॅक्टरच्या दाबाच्या नळ्या कधीही सैल करू नयेत.

हवा व दाब

ऑइल बाथ एअर क्लीनरमधील तेल खुणेपर्यंत असावे. खाली गाळ साचल्यास तेल बदलावे. हवा येण्याच्या नळीत घरटे किंवा चिंधी अडकली नाही ना, ते पाहावे. हीटर प्लग असल्यास पुस्तिकेप्रमाणे आधी तो तापू द्यावा. एवढे करूनही पांढरा धूर येत राहिला आणि सेल्फ मारताना ब्रीदरमधून जोराने हवा बाहेर पडत असली, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असण्याचा संभव आहे. येथे आपली तपासणी संपते. जाणकार मेकॅनिकला बोलवावे व आधी काय काय तपासले ते सांगावे. त्यामुळे त्याचा वेळ व आपला पैसा वाचतो.

हे कधीही करू नये

खाली उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून इंजिन सुरू करू नये. यात सेफ्टी स्विच निरुपयोगी ठरतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो एकदम पुढे येतो व मागचे मोठे चाक जवळच्या माणसावरून जाते. सरकण्यास वेळही मिळत नाही. जुना ट्रॅक्टर घेतला असल्यास सेफ्टी स्विच चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासावे. वायरी परस्पर जोडलेल्या आढळल्या तर त्या दुरुस्त करून घ्याव्यात. हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा किंवा जळती चिंधी धरू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील वायू विषारी असतो.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा ठेवताना टाकी पूर्ण भरावी, बॅटरीची अर्थची वायर सोडावी आणि बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी. पेरणीच्या हंगामापूर्वी आठ दिवस आधीच इंजिन सुरू करून पाहावे. म्हणजे दोष निघालाच तर दुरुस्तीस वेळ मिळतो. जुना ट्रॅक्टर विकत घेताना सकाळी जावे व इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते व त्याचे दोष झाकले जातात. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले, तरच पुढची बोलणी करावीत.