अनेक आवाज, एकच कर्णा



गटसभा असो वा वार्षिक सर्वसाधारण सभा, आता एका माईकवर भागत नाही. अध्यक्षांचा माईक, प्रश्न विचारणाऱ्या सभासदाचा माईक, ऊस लागवडीची फीत दाखवायला लॅपटॉप आणि स्वागतगीताला मोबाईल, हे सारे त्याच कर्ण्यांवर घ्यावे लागते. घाईत कोणी तारा सोलून एकमेकींना पिळतो, आवाज बसतो, आणि मागे बसलेल्यांना ठराव काय झाला तेच कळत नाही. न ऐकता हात वर होणे बरे नव्हे. म्हणून थोडी माहिती देत आहोत.

दोन विहिरींच्या मोटारी एका पाइपलाइनला जोडताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, हे आपणास सांगायला नको. तो नसला तर एका मोटारीचे पाणी दुसऱ्या विहिरीत उतरते आणि शेत कोरडे राहते. आवाजाचेही तसेच. मोबाईल व लॅपटॉपच्या तारा थेट एकत्र केल्या, तर एकाचा प्रवाह कर्ण्याकडे न जाता दुसऱ्या यंत्रात शिरतो. आवाज क्षीण होतो, फाटतो. यंत्रालाही धोका पोचू शकतो.

मुंबईस गोरेगावात १९४३ साली फिल्मिस्तान स्टुडिओ निघाला, १९७७ मध्ये शासनाची चित्रनगरी झाली. तेथल्या चित्रपटांचे संवाद, गाणी, पार्श्वसंगीत वेगवेगळे नोंदवून शेवटी मिक्सरवर एकत्र करतात. १९३१ च्या ‘आलम आरा’च्या वेळी ही सोय नव्हती. गाणे आणि वाद्ये चित्रीकरणातच एकदम नोंदवावी लागत.

आपल्या सभेलाही तोच मार्ग. उपाय तीन आहेत:

१) एका वेळी एकच आवाज हवा असेल तर निवड-स्विच बसवावा.

२) मोबाईल व लॅपटॉप दोन्ही एकदम हवे असतील तर प्रत्येकाच्या तारेत साधारण १,००० ओहमचा रोधक घालून मग जोड द्यावा. उलटा प्रवाह रोडावतो. आवाज जरा उतरतो, तो ॲम्प्लिफायरवर वाढवावा.

३) माईक असेल तर मिक्सरच हवा. माईकचा विद्युतदाब काही मिलिव्होल्ट, मोबाईलचा त्याच्या शेकडो पट. म्हणून माईक ‘माईक’च्या भोकात, मोबाईल ‘ऑक्स’च्या भोकात घालावा. मिक्सर असलेल्या ॲम्प्लिफायरला प्रत्येकाचे बटण वेगळे असते. न लागणारे बटण शून्यावर ठेवावे, म्हणजे घरघर कमी होते.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. दोन ॲम्प्लिफायरच्या बाहेर जाणाऱ्या तारा एकाच कर्ण्याला जोडू नयेत. ॲम्प्लिफायर जळण्याचा संभव असतो. जोडणी बदलताना आधी वीज बंद करावी. ओल्या जागी अर्थिंग पाहिल्याशिवाय माईक हाती देऊ नये.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे कर्ण्यास लेखी परवानगी लागते, आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. सभा वेळेवर सुरू करावी. आणि सुरू करण्यापूर्वी एकाने शेवटच्या रांगेत उभे राहून आवाज पोचतो का, ते अवश्य पाहावे.

— ऊस विकास विभाग