घरातल्या स्वच्छ पाण्यातील डास

पावसाळा सुरू झाला की नाशिकमध्ये डासांची तक्रार सुरू होते आणि बोट दाखविले जाते ते नासर्डी-वाघाडीच्या घाण पाण्याकडे. हे अर्धेच खरे आहे. सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारा हा डास झोपमोड करतो, हत्तीरोगही पसरवितो. पण डेंग्यूचा दोष त्याच्या माथी मारू नये.

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती हा आपल्याच घरचा पाहुणा. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा, म्हणजे आपण पेढीवर बसलेलो असताना चावतो. त्याला स्वच्छ पाणी लागते आणि तेही थोडकेच. कूलरची टाकी, फ्रीजमागील तबक, कुंडीखालची ताटली, गोदामाबाहेर मालावर टाकलेल्या ताडपत्रीची घडी यांतले पाणी त्याला पुरते. मादी पाण्यालगतच्या ओलसर कडेला अंडी चिकटविते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. गेल्या वर्षीचा कूलर यंदा त्रास देतो, तो यामुळे.

हिवतापाचा ॲनोफिलीस भिंतीवर मागचा भाग उंचावून तिरका बसतो. त्याची स्टीफेन्सी ही जात शहरांतील उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावरील हौदांत वाढते. क्युलिसिफेसीस ग्रामीण भागातील कालव्यांच्या व पावसाच्या डबक्यांत.

आता श्रावकाच्या घरातला खरा पेच. डास हा चतुरिंद्रिय जीव. पाण्यात अळ्या दिसू लागल्यावर औषध टाका, पाणी ओता किंवा गप्पी मासे सोडा, हिंसा टळत नाही. माशांच्या उपायात ती केवळ दुसऱ्याकडून होते. जयणेला वाव आहे तो त्याआधी, मादीला अंडी घालण्यास जागाच न देण्यात. चातुर्मासातील उकळलेल्या पाण्याची इथे चिंता नाही, कारण त्याची मर्यादाच काही प्रहरांची. चिंता आहे ती आठवडा-आठवडा कोणी न पाहणाऱ्या पाण्याची, कारण उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात.

भांडी वापर संपताच पुसून पालथी ठेवावीत, ताडपत्री उतरती बांधावी. गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट असावे. तिच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी पाणी गाळण्याचे जुने कापड बांधले, तरी मादी आत शिरू शकत नाही.