फोटो माझा, मग सही कुणाची?

रविवारची झणझणीत मिसळ हाणून आम्ही दोघं-तिघं कॉलेज रोडवर टाइमपास करत होतो. एका गिफ्ट शॉपच्या काचेत मगांची रांग लागलेली. एका मगावर दुतोंड्या मारुती आणि भोवती गोदावरीचं गढूळ पाणी. "अरे, सॉलिड फोटो आहे!" असं म्हणालो आणि दुसऱ्याच सेकंदाला ट्यूब पेटली. हा तर माझाच! ऑगस्ट २०१९ च्या पुरात, ऑफिसला दांडी मारून, भिजत भिजत काढलेला. उजव्या कोपऱ्यात मी इवलंसं नाव टाकलं होतं. मगावर मात्र तो कोपराच नव्हता!

काउंटरवरचे काका एकदम कूल. "नेटवरून घेतला हो. नाव कुठे होतं त्याच्यावर?"

आता बोला!

तडक वकील मैत्रिणीला फोन लावला. तिचा पहिलाच प्रश्न, "पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढला होतास का?"

"नाही गं."

"मग वाचलास!"

फंडा असा आहे. फोटो काढला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा! म्हणजे वीकेण्डला लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनो, त्या फोटोंचे मग छापण्याआधी करारावर नजर टाका. आणि २०१२ पासून कायद्यात कलम ६५-बीसुद्धा आलंय. फोटोतली मालकाची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

पण कोर्टाची पायरी नंतरची. मुळात आपली खूण कुणाला सहज कापताच येणार नाही, अशी टाकायची कशी?

आपल्या नाशिकमध्ये याचं उत्तर रोज छापलं जातं, माहितीये? नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये, म्हणजे १९२८ पासून! नोट उजेडात धरा. गांधीजींचं जलचिन्ह कागदावर छापलेलं नसतं, ते कागदातच असतं. कागद तयार होतानाच त्याची जाडी कमी-जास्त केलेली असते. ते काढायचं तर नोटच फाडावी लागेल.

जुन्या मराठी पत्रांतही अशीच आयडिया होती. मजकूर संपला की खाली मोर्तब उमटवायचं. अर्थ साधा, पत्र इथे संपलं, याखाली कुणी घुसडू नये. आणि खुणेची चोरी? तीही जुनीच. जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रांची नक्कल व्हेनिसमध्ये झाली, तीही त्याच्या 'एडी' या खुणेसकट. वसारीने लिहिलंय, की तक्रारीनंतर ड्यूररच्या पदरात एवढंच पडलं : त्याची खूण वापरायची नाही!

माझे बाबा फोटो स्टुडिओ चालवायचे. प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर त्यांचा रबरी शिक्का असायचा. मी विचारायचो, "पुढे का नाही मारत?" ते म्हणायचे, "पुढचा चेहरा गिऱ्हाइकाचा. पाठ आपली."

मग ठरवलं. त्या शिक्क्यातलंच आडनावाचं अक्षर घ्यायचं आणि शिरोरेखेला गोदावरीसारखी एक लाट द्यायची. चार रात्री कॉम्प्युटरसमोर घालवल्या. पहिलं डिझाइन स्क्रीनवर झक्कास दिसलं, पण टी-शर्टवर भरतकाम केल्यावर त्याचा पार गुंता झाला. तेव्हा तुमच्यासाठी या टिप्स :

* खूण एकाच रंगात करा. नखाएवढी छोटी करून छापून बघा. वाचता आली तरच पास!
* फाइल व्हेक्टरमध्ये ठेवा. बटणापासून बॅनरपर्यंत कडा फाटत नाहीत.
* भरतकामासाठी रेषा जाड हव्यात. नाजूक वेलांट्या धाग्यात हरवतात.
* मॅट कागदाच्या प्रिंटवर खालच्या पांढऱ्या समासात पेन्सिलने सही करा, सोबत प्रतीचा क्रमांक, उदाहरणार्थ ३/२५. म्हणजे पंचविसातली तिसरी प्रत. सव्विसावी काढायची नाही, बरं का! ग्लॉसी कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पिगमेंट इंकचा पेन.
* नेटवर छोटी फाइलच टाका, नाव मुख्य विषयाला खेटून लिहा आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा. तोच तुमचा पुरावा.
* मोठा धंदा करायचाय? मग ट्रेडमार्क. फोटो-प्रिंट वर्ग १६, मग वर्ग २१, टी-शर्ट वर्ग २५. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला ४,५०० रुपये. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. 'टीएम' आधीही लिहिता येतं, पण वर्तुळातला 'आर' नोंदणीनंतरच. नाहीतर दंड भरावा लागू शकतो.

आणि त्या मगाचं काय झालं? लॅपटॉपवर मूळ फाइल घेऊन परत गेलो. काकांनी बघितली, गप्प बसले आणि उरलेले मग काचेतून काढून ठेवले. एक माझ्या हातात दिला. "घ्या, तुमचाच आहे."

घरी बाबांना दाखवला. त्यांनी पुराकडे बघितलंच नाही. मग उलटा केला आणि बुडाकडे बघत राहिले.

"पाठ कोरी आहे रे," म्हणाले.

उठून कपाटातून तो जुना शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन आले. चिनी मातीवर शाई काही टिकली नाही, बोटाला लागून पुसली गेली. पण नव्या मगांवर माझी खूण कानाशेजारी, थेट पुराच्या पाण्यातच आहे. कापायचीच असेल, तर नदी कापावी लागेल!