आद्य ग्रामजीवनाचे बालशिक्षण

शेती व पशुपालन यांच्या आधारे वसलेल्या पहिल्या खेड्यांतील दैनंदिन जीवनाचा प्राथमिक शाळेतील मुलांना करून दिलेला परिचय. महाराष्ट्रात हा विषय ‘परिसर अभ्यासा’त मोडतो. २०१२ च्या अभ्यासक्रमानुसार तिसरीसाठी जिल्हावार पुस्तके तयार झाली. नंदुरबारचे पुस्तक त्यांपैकीच एक होय.

या जिल्ह्यात (स्थापना १९९८) अध्यापनाचे साधन हाताशी आहे. प्रकाशे (ता. शहादे) येथे तापी–गोमाई संगमावरील पांढरीचे उत्खनन बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले. तळच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीची चित्रित मृत्पात्रे, दगडी पाती व तांब्याच्या मोजक्या वस्तू मिळाल्या. घरांच्या रचनेसाठी मात्र इनामगावचा (जि. पुणे, उत्खनन १९६८–८३) आधार घ्यावा लागतो. तेथे मातीच्या बुटक्या भिंतींची, कुडाची घरे, चुली, धान्याच्या कणग्यांचे ओटे आणि सातूचे दाणे आढळले.

कुडाचे घर, कणगी व पाटा-वरवंटा सातपुड्यातील अनेक मुलांनी पाहिलेला असतो. त्यामुळे परिचिताकडून अपरिचिताकडे जाणे सोपे. पण चुकीची शक्यताही येथेच असते. फिरते जाते पुष्कळ नंतरचे आहे. मका व मिरची तर अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकाच्या सुमारास आली. ज्या नंदुरबारात लाल मिरच्यांच्या पथाऱ्या दूरवर पसरलेल्या दिसतात, तेथील आद्य शेतकऱ्यास मिरची ठाऊकच नव्हती, हे ऐकून मुले चकित होतात व प्रश्न विचारू लागतात.

याहून गंभीर चूक म्हणजे आजच्या भिल्ल वा पावरा कुटुंबास प्राचीन मानवाचा जिवंत नमुना ठरविणे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सु. ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पाठातील ‘आदिमानवा’च्या चित्रात आपलेच घर ओळखणाऱ्या मुलास आपण मागे राहिलेलो आहोत, असे न सांगताही सांगितले जाते. वस्तुतः कुडाची भिंत टिकली ती अज्ञानामुळे नव्हे. तिचे साहित्य रानात मिळते व ती घरच्या घरी दुरुस्त करता येते.

यावर कालदोरीचा उपाय उपयुक्त ठरतो. पिढीस पंचवीस वर्षे धरून दोरीला गाठी मारल्या, तर आजी-आजोबा दुसऱ्या-तिसऱ्या गाठीशीच येतात. सु. ३,५०० वर्षांपूर्वीच्या प्रकाशेच्या वस्तीपर्यंत पोहोचण्यास १४० गाठी लागतात आणि दोरी वर्गाबाहेर जाते.