पाण्याचा हिशेब दिवाळीतच मांडा

लातूरची पाण्याची रेल्वे आठवते ना? मांजरा धरण कोरडं पडलं अन् एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. शहराची वस्ती पावणेचार लाखांवर. म्हणजे माणशी जेमतेम तांब्याभर! पुढं ५० वाघिणी आल्या, तरी वाट्याला अर्धा हंडाच.

आपल्या गावाला तर रेल्वेही नाही. माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर २,००० वस्तीला आठ महिन्यांत सुमारे २ कोटी ६४ लाख लिटर लागतं. जनावरांचं वेगळं. सरपंच, ग्रामसेवक अन् शेतकऱ्यांनी मिळून तेवढं पाणी आधी राखावं. ऊस लावायचा की हरभरा, हे त्यानंतर ठरवावं. वैशाखात मोटारी बंद करायला गेलं की भांडणं पेटतात. कार्तिकात समजुतीनं जमतं.