बटण, बटण, बटण

संगणकाचा पडदा डोळ्यांनी वाचायचा, हे आपण इतके गृहीत धरले आहे की तो कानांनीही वाचता येतो हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. 'स्क्रीन रीडर' पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. अंध माणूस माऊस बाजूला ठेवून कळफलकावर सारे काम करतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' हा असा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो आजही मोफत मिळतो.

मग अडते कुठे? अडते ते संकेतस्थळ बांधणाऱ्यांपाशी. 'पैसे पाठवा' या बटणावर नुसते चित्र असले आणि त्यामागे नाव लिहिलेले नसले, तर स्क्रीन रीडर एवढेच म्हणतो: बटण, बटण, बटण. त्यातले कोणते दाबायचे? कागदाचा फोटो काढून चढवलेले परिपत्रक त्याच्या लेखी मजकूर नसतेच. मराठीचे दुखणे आणखी वेगळे. युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, कानांना मात्र अर्थहीन अक्षरांची खिचडी ऐकू येते.

मी बँकेत उमेदीची वर्षे घालवली. एकाच्या खात्यातली शिल्लक दुसऱ्याला कळू नये, हा तिथला पहिला धडा. अंध खातेदाराला मात्र, संकेतस्थळ साथ देत नाही म्हणून, आपला पासवर्ड शेजाऱ्याच्या हवाली करावा लागतो. प्रश्न केवळ सोयीचा नाही, अब्रूचा आणि पैशाचा आहे. अंध ग्राहकांना कोणतीही सेवा नाकारू नका, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बजावले होते. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

उपाय काही अवघड नाहीत. प्रत्येक बटणाला नाव द्यावे, चित्रामागे दोन ओळींचे वर्णन लिहावे, मथळे मथळे म्हणूनच नोंदवावेत. म्हणजे एक कळ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जाता येते. तुमच्या संस्थेचे, दुकानाचे संकेतस्थळ असेल, तर आज माऊस बाजूला ठेवा आणि फक्त 'टॅब'ची कळ दाबत शेवटपर्यंत जाऊन पाहा. जिथे तुम्ही अडाल, तिथे कुणीतरी रोज अडत असते.